‘असले पेशंट’ आणि तुमचा दवाखाना

पत्र थोडक्यात असं: यंत्रमागांच्या एका शहरात बरीच वर्षं जनरल प्रॅक्टिस करणारे एमबीबीएस डॉक्टर लिहितात. अलीकडे रात्रपाळीचे तरुण कामगार अंगदुखीची तक्रार घेऊन येतात आणि नाव घेऊन ट्रॅमाडॉल ही अफूवर्गीय वेदनाशामक गोळी मागतात. काही जण पावडर, म्हणजे हेरॉईन, ओढणारेही आहेत. त्यातल्या एकाला डॉक्टरांनी खटपट करून व्यसनमुक्ती केंद्रात पाठवलं. महिन्याभराने तो परत आला, पंधरवड्यात त्याचं पुन्हा सुरू झालं, आणि आता तो दवाखान्यासमोरून मान खाली घालून जातो. कंपाउंडरचं म्हणणं, ‘साहेब, असले पेशंट यायला लागले तर बायाबापड्या येणं बंद होईल.’ पत्नीला, त्याही डॉक्टर आहेत, पोलिसांची धास्ती. मध्यंतरी एका औषध कंपनीने हॉटेलात ठेवलेल्या चर्चासत्राला डॉक्टर जाऊन आले. आता तीच कंपनी त्यांच्या नावाने शिबिर भरवायला आणि दवाखान्यावर फलक लावून द्यायला तयार आहे. त्यांचे प्रश्न: ‘मला यातलं शिक्षण नाही. हे तज्ज्ञांचं काम नाही का? आणि मनावर घेतलंच, तर या मुलांना उपचारापर्यंत आणायचं कसं?’

डॉक्टर, नमस्कार.

शेवटचा प्रश्न आधी घेते. आणायचं कसं असं तुम्ही विचारता, पण तुमच्याच पत्रात ती मुलं दारात उभी आहेत. कधी पाठ धरली म्हणून, कधी जुलाब थांबत नाहीत म्हणून, कधी ‘काल रात्री फिट आली’ म्हणून. ती शेवटची तक्रार जरा नीट ऐका. ट्रॅमाडॉल जास्त घेतलं की झटके येतात, आणि मिरगीची कसलीही पार्श्वभूमी नसलेला विशीतला मुलगा पहिल्यांदाच फिट घेऊन आला तर मेंदूच्या तपासणीची चिठ्ठी लिहिण्याआधी दिवसाला किती गोळ्या घेतोस हे विचारायला हवं. खिशात स्ट्रिप असते. मागितली तर बहुतेक जण दाखवतात.

आता तज्ज्ञांबद्दल. एम्सच्या राष्ट्रीय व्यसन उपचार केंद्राने सामाजिक न्याय मंत्रालयासाठी केलेलं देशव्यापी सर्वेक्षण २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात अफूवर्गीय पदार्थांमुळे मदतीची गरज असलेल्यांचा आकडा सुमारे ७७ लाख आला. यातले निम्म्याहून अधिक लोक मोजक्या राज्यांत आहेत आणि त्या यादीत पंजाब, हरियाणा, दिल्लीच्या जोडीने महाराष्ट्रही आहे. आपल्याकडे ही गोष्ट ‘पंजाबचा प्रश्न’ म्हणून बाजूला सारायची सवय आहे, म्हणून सांगितलं. देशातले सगळे मानसोपचारतज्ज्ञ धरले तरी संख्या काही हजारांपलीकडे जात नाही, आणि तेही बहुतेक मोठ्या शहरांत. तेव्हा हे तज्ज्ञांवर सोडणं म्हणजे व्यवहारात कोणावरच न सोडणं.

फ्रान्सने १९९५ च्या सुमारास हा प्रश्न सरळ फॅमिली डॉक्टरांच्या हाती दिला. हेरॉईनच्या जागी देखरेखीखाली द्यायच्या दोन औषधांपैकी मेथाडोन केंद्रांपुरतं ठेवलं, पण ब्युप्रेनॉर्फिन गल्लीतल्या डॉक्टरांना लिहू दिलं. पुढच्या चार वर्षांत ओव्हरडोसचे मृत्यू जवळजवळ चार-पंचमांशांनी घटले. सगळं आलबेल झालं असं नाही. काही जण त्याच गोळ्या विरघळवून टोचून घेऊ लागले, काळ्या बाजारातही त्या गेल्या. तरीही माणसं जगली. अमेरिकेने उलट केलं. २००० च्या कायद्याने ब्युप्रेनॉर्फिन लिहायला वेगळी परवानगी, आठ तासांचं प्रशिक्षण आणि किती पेशंट घ्यायचे याची मर्यादा घातली. ही परवानगीची अट २०२२ च्या अखेरीस रद्द झाली, पण त्याने उपचार घेणाऱ्यांची संख्या फारशी वाढली नाही. माझ्या मते त्याचं कारण तुमच्या पत्रात आहे, तुमच्या कंपाउंडरच्या त्या वाक्यात.

आपल्याकडे नियम तिसराच. जिभेखाली ठेवायच्या ब्युप्रेनॉर्फिनच्या गोळ्या व्यसन उपचार केंद्रांनाच पुरवल्या जातात. शेजारच्या मेडिकलमध्ये त्या मिळणार नाहीत आणि मिळाल्या तर काहीतरी चुकतंय असं समजा. म्हणजे गोळी देणं सध्या तुमच्या हातात नाही. पण गोळी हा उपचाराचा मधला भाग झाला. त्याच्या आधी ओळखणं, बोलणं, योग्य जागी पोचवणं असतं आणि नंतर अनेक महिने धरून ठेवणं असतं. हे दोन्ही मोठ्या रुग्णालयातल्या आमच्यापेक्षा तुम्हाला जास्त जमेल, कारण तो मुलगा आमच्या ओपीडीत एक नंबर असतो आणि तुम्ही त्याच्या बहिणीचं बाळंतपण पाहिलेलं असतं.

एवढ्यासाठी शिकायचं काय? फार नाही, पण नेमकं. पहिलं म्हणजे कोण काय घेतोय. यंत्रमागाच्या गावांत ‘कुत्ता गोळी’ म्हणतात ती अल्प्राझोलाम, चिंतेवरची गुंगी आणणारी गोळी. ती अफूवर्गीय नाही, तिचा उपचार वेगळा, आणि ती एकदम बंद केली तर झटके येऊ शकतात. पण ती पावडरीसोबत किंवा कोडीन असलेल्या खोकल्याच्या सिरपसोबत घेतली जाते तेव्हा दोन्ही मिळून श्वास दाबतात. ‘नशा करतोस का?’ या प्रश्नाला ‘नाही साहेब’ हेच उत्तर येणार. ‘झोपेसाठी काय घेतोस? कामावर उभं राहायला काय घेतोस? न घेतल्यास सकाळी कसं वाटतं?’ असं विचारलं की गाडी रुळावर येते.

दुसरं म्हणजे टर्की, म्हणजे नशा न मिळाल्यावर होणारा शारीरिक त्रास, ओळखणं. मुलं याच नावाने बोलतात, तुम्हीही तोच शब्द वापरलात तरी चालेल. हेरॉईनचा शेवटचा झुरका घेतल्यावर सहा ते बारा तासांत सुरू होते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळस गाठते, आठवड्याभरात शरीरापुरती उतरते. नाक गळतं, डोळ्यांतून पाणी, जांभयांवर जांभया, अंगावर काटा, बाहुल्या मोठ्या, पोटात मुरडा, पाय एका जागी राहत नाहीत. सकाळी दहाच्या गर्दीत असा मुलगा तुमच्या बाकावर येऊन बसतो. कंपाउंडर त्याचा कागद सगळ्यांत खाली सरकवतो, ‘याला काय घाई’ म्हणून. घाई त्यालाच असते. समोरच्या गल्लीत पुडी मिळते आणि ती घेतली की पाच मिनिटांत सगळं थांबणार हे त्याला पक्कं ठाऊक असतं. वीस मिनिटं बसेल, मग उठून जाईल, आणि तुम्ही म्हणाल की या लोकांना उपचार नकोच असतात. त्याचा कागद वर घ्यायला सांगा. माझ्या अनुभवात कुठल्याही फलकापेक्षा, शिबिरापेक्षा या एका बदलाने जास्त माणसं टिकतात.

तिसरं, काय करायचं नाही हे. अंगदुखीवर पुन्हा ट्रॅमाडॉल लिहून वेळ मारून नेऊ नका. ‘माइल्ड’ म्हणून ते आपल्या सगळ्यांच्या हाताला बसलंय, पण एप्रिल २०१८ पासून ते एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्याखाली आहे, आणि त्याला कारणं आहेत. तात्पुरत्या त्रासासाठी जुलाबावरची, उलटीवरची, साध्या वेदनाशामक गोळ्यांची मदत होते. क्लोनिडिनही चालतं, मात्र प्रत्येक वेळी बीपी बघून. आणि नॅल्ट्रेक्सोन या अफूवर्गीय नशेचा परिणाम अडवणाऱ्या गोळीबद्दल विशेष सावध राहा. ते मेडिकलमध्ये मिळतं, म्हणून आया ते घेऊन येतात आणि ‘चहात घालून देऊ का’ असं विचारतात. ज्याच्या अंगात अजून पावडर आहे त्याला ती गोळी दिली तर अर्ध्या तासात अशी भयंकर टर्की उसळते की पोरगा इस्पितळात जातो आणि आईवरचा, डॉक्टरवरचा विश्वास कायमचा उडतो. सात ते दहा दिवस पूर्ण कोरडे गेल्याशिवाय आणि त्याला स्वतःला सांगितल्याशिवाय ती द्यायची नसते.

हे सगळं शिकायला हॉटेल लागत नाही. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेचे व्यसन उपचारांवरचे ऑनलाइन वर्ग आहेत. तिथे डॉक्टर आपल्या दवाखान्यातली केस मांडतात आणि तज्ज्ञ व इतर डॉक्टर तिच्यावर बोलतात. ही पद्धत डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ मध्ये अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत हिपॅटायटिस-सी साठी सुरू केली, कारण दूरच्या खेड्यांतल्या पेशंटांना त्यांच्यापर्यंत यायला महिनोन्महिने लागत. गाझियाबादच्या राष्ट्रीय व्यसन उपचार केंद्राचंही डॉक्टरांसाठी प्रशिक्षण असतं. याहून उपयोगी गोष्ट मात्र वेगळी आहे. तुमच्या जवळच्या ज्या सरकारी रुग्णालयात ओएसटी केंद्र (अफूवर्गीय नशेच्या जागी देखरेखीखाली रोज औषध देणारं) किंवा व्यसन उपचार सुविधा, म्हणजे एटीएफ, असेल तिथे एक सकाळ जाऊन बसा. रांगेत उभ्या माणसाला गोळी दिली जाते, ती जिभेखाली विरघळेपर्यंत नर्स समोर थांबते, मग तो कामावर जातो. रिक्षा चालवणारे, हमाली करणारे, एखादा इस्त्रीचे कपडे घातलेला. ते पाहिल्यावर ‘एका नशेच्या जागी दुसरी नशा’ हा आक्षेप, जो चर्चासत्रात कोणीतरी हमखास घेतं, आपोआप लहान होतो.

कंपनीच्या चर्चासत्राबद्दल मला बोलावंच लागेल, कारण या विषयात ‘डॉक्टरांचं शिक्षण’ या नावाखाली जे घडलं त्याची किंमत एका देशाने मोजलीय. १९८० मध्ये एका प्रतिष्ठित अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात पाच वाक्यांचं पत्र आलं: रुग्णालयात अफूवर्गीय औषध दिलेल्या ११,८८२ पेशंटांपैकी फक्त चौघांना व्यसन लागल्याची नीट नोंद सापडली. रुग्णालयातले पेशंट, देखरेखीखाली दिलेलं औषध. पण पुढे हेच पत्र, घरी नेऊन महिनोन्महिने घ्यायच्या गोळ्याही सुरक्षित आहेत याचा पुरावा म्हणून डॉक्टरांना दाखवलं गेलं. पर्ड्यू या औषध कंपनीने ऑक्सिकॉन्टिन हे अफूवर्गीय वेदनाशामक १९९६ मध्ये बाजारात आणलं. व्यसनाच्या धोक्याबद्दल दिशाभूल केल्याचा गुन्हा पर्ड्यू फ्रेडरिक कंपनीने २००७ मध्ये न्यायालयात कबूल केला. तोवर एक पिढी त्यावर शिकून प्रॅक्टिसला लागली होती.

बरं, ही झाली वेदनाशामकांची गोष्ट. व्यसनावरच्या औषधाची गोष्ट तर तुमच्या प्रश्नाला अगदी लागूनच आहे. सुबॉक्सोन, म्हणजे ब्युप्रेनॉर्फिन असलेलं औषध, विकणाऱ्या इंडिव्हिअर कंपनीने व्यसनी पेशंटांना डॉक्टर शोधून देणारी फोनची आणि इंटरनेटची सेवा चालवली होती. संशयास्पद पद्धतीने बेसुमार सुबॉक्सोन लिहिणाऱ्या डॉक्टरांकडे याच सेवेतून पेशंट वळवले गेले, असा सरकारी वकिलांचा २०१९ च्या आरोपपत्रात आरोप होता. २०२० मध्ये तिच्या उपकंपनीने कबूल केला तो गुन्हा वेगळा होता: आपली सुबॉक्सोन फिल्म मुलांच्या हाती लागण्याच्या दृष्टीने किती सुरक्षित आहे, याबद्दल मॅसॅच्युसेट्सच्या सरकारी आरोग्य योजनेला चुकीची माहिती देणं. औषध चांगलंच आहे, मी पेशंटांसाठी रोज वापरते. म्हणून तर सांगते. औषध चांगलं असलं तरी पेशंट कोणाकडे जाणार हे ते विकणाऱ्याने ठरवायचं नसतं.

तेव्हा शिबिर आणि फलक दोन्हीला नम्रपणे नाही म्हणा. फलकाचा आणखी एक तोटा आहे. दवाखान्यावर ‘नशामुक्ती’ अशी पाटी लागली की ज्याला कोणी ओळखत नाही तोच आत शिरेल. ज्याचं लग्न जमायचंय, ज्याचा मुकादम त्याच रस्त्याने जातो, तो शिरणार नाही. बायका तर नाहीच नाही. प्रसूतीनंतर किंवा ऑपरेशननंतर सुरू झालेल्या गोळ्यांवर अडकलेल्या स्त्रिया तुमच्या पत्नीच्या ओपीडीत असू शकतात. त्या कुठल्याच शिबिराला सापडत नाहीत, सापडल्या तर विचारपूस करणाऱ्या डॉक्टरलाच.

मग माणसं कशी पोचतात? बहुतेक वेळा दुसऱ्या व्यसनी माणसामार्फत. एचआयव्ही नियंत्रणाच्या कार्यक्रमात सुया टोचणाऱ्यांसाठी काम करणाऱ्या संस्थांकडे पीअर असतात. स्वतः त्यातून गेलेले, स्पॉट माहीत असलेले, रेल्वेच्या भिंतीपलीकडे रात्री जाऊ शकणारे. नाकोने, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने, २००७-०८ पासून ओएसटी चालवली ती यांच्या पायांवर. जिल्हा एड्स नियंत्रण कक्षात विचारा, तुमच्या भागात अशी संस्था आहे का. असली तर तिच्या माणसाला चहाला बोलवा आणि तुमचा नंबर द्या. सुई घेणाऱ्यांची एचआयव्हीबरोबर हिपॅटायटिस-सीची तपासणीही करून घ्या. २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात त्याचे उपचार सरकारी रुग्णालयांत मोफत आहेत आणि ही गोष्ट पेशंटला माहीत नसते.

दुसरी वाट मेडिकलवाल्याची. स्ट्रिपा कोण किती नेतो हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक नाही. त्याला उपदेश करू नका, फक्त सांगा की कोणी वैतागून ‘हे सुटत नाही’ म्हणाला तर माझ्याकडे पाठव. तिसरी वाट आयांची, बायकोची. शिबिर भरवायचीच हौस असेल तर ते घरच्यांसाठी भरवा. कंपनीविना, फोटोविना, वर्तमानपत्रात बातमीविना, महिन्यातून एक दुपार. १४४४६ हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय मोफत फोन क्रमांक तिथे लिहून द्या. घरच्यांनाही त्यावर बोलता येतं, हे अनेकांना माहीत नसतं.

पत्नीची भीती अनाठायी म्हणणार नाही, पण कायदा वाटतो तितका अंगावर येणारा नाही. व्यसनी माणसावर उपचार करणं गुन्हा नाही. उलट एनडीपीएस कायद्याच्या कलम ६४-अ मध्ये, फक्त सेवन केल्याच्या किंवा अल्प मात्रा बाळगल्याच्या आरोपातला व्यसनी माणूस सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी स्वतःहून उपचार घेऊ लागला, तर त्याला खटल्यापासून सवलत आहे. तो उपचार त्याने पूर्ण करायला मात्र हवा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ व्यसनांनाही लागू होतो आणि पेशंटच्या माहितीची गोपनीयता हा त्यात त्याचा हक्क आहे. आपण सावध राहायचं ते आपल्याच चिठ्ठ्यांबाबत. कोणाला काय, किती, का लिहिलं याची नोंद ठेवा. आणि केंद्राची निवड करताना ते याच कायद्याखाली नोंदलेलं आहे का, ते विचारा. कोंडून, साखळीने बांधून ठेवणाऱ्या जागा अजून आहेत. कायद्याने साखळीला सक्त मनाई आहे.

कंपाउंडरशी भांडू नका. त्याच्या बोलण्यात थोडं तथ्य आहे, गर्दीत तमाशा झाला तर बाकीचे घाबरतात. म्हणून या मुलांना दुपारची, गर्दी ओसरल्यावरची वेळ द्या, पण टर्कीत आलेल्याला ताबडतोब घ्या. नावाने हाक मारायची आणि रांगेत वागवायचं ते तुमच्या मधुमेहाच्या काकांसारखंच, एवढं त्याला एकदा समोर बसवून सांगा. उधारी आणि ‘पैसे नाहीत साहेब’ याबद्दल आधीच एक ठरवून ठेवा, नाहीतर तिथेच खटके उडतात.

आता तो मान खाली घालून जाणारा मुलगा. तुम्ही त्याला तुमचं अपयश समजताय आणि तो तुम्हाला तोंड दाखवायला लाजतोय. औषधाशिवाय नुसतं महिनाभर आत राहून बाहेर आलेल्या अफूवर्गीय व्यसनाच्या पेशंटांत पुन्हा सुरू होणं हा अपवाद नसतो, बहुतेकांचं तेच होतं. त्याला पुढची पायरी कोणी सांगितलीच नव्हती: ओएसटी, रोजची गोळी, निदान वर्षभर. फोन करा. वडिलांना नाही, त्याला. ‘का सुरू केलंस’ हे विचारू नका. ‘तुझ्यासाठी दुसरा एक उपचार आहे, तो आधी झालाच नव्हता. बुधवारी येतोस का, बरोबर जाऊ किंवा चिठ्ठी देतो.’ एवढंच.

हा फोन लवकर करा, कारण एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही आणि मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. केंद्रातून, गावाहून किंवा तुरुंगातून परतल्यानंतरचे पहिले काही आठवडे सगळ्यांत जीवघेणे. शरीराची सवय गेलेली असते आणि हात मात्र जुन्याच मापाने घेतो. तुमच्या इमर्जन्सी ट्रेमध्ये नॅलोक्सोनच्या, म्हणजे ओव्हरडोसवर उतारा असलेल्या इंजेक्शनच्या, अँप्युल आहेत का ते आज बघा, नसतील तर मागवा. घरच्यांना शिकवा: उठत नाही, घोरल्यासारखा श्वास किंवा श्वासच मंद, ओठ निळे, बाहुल्या टाचणीएवढ्या. लगेच १०८, कुशीवर वळवायचं, श्वास थांबला तर तोंडाने द्यायचा. नॅलोक्सोन टोचल्यावर मुलगा दोन मिनिटांत उठून बसतो आणि ‘मला काही झालं नाही’ म्हणत चपला शोधायला लागतो. त्याला जाऊ देऊ नका. सुईचा असर अर्ध्या ते दीड तासात ओसरतो, आत घेतलेलं त्याहून जास्त वेळ टिकू शकतं, आणि मग श्वास पुन्हा दबतो. अँब्युलन्समध्ये घालून, चिठ्ठीवर नॅलोक्सोन किती वाजता आणि किती दिलं ते लिहून, मोठ्या रुग्णालयात पाठवा.